आधी मुलगी दाखवली, मग कृष्ण

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचला. फोनवरच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण हे काही चार ओळीत उरकायचं काम नाही, म्हणून सरळ पत्र लिहायला बसलेय. लांबेल. एका दमात वाचून नाही झालं तरी चालेल.

तू लिहिलंयस की मावशी, मी धर्म सोडला. आणि त्याच मेसेजमधे खाली असं की एका चॅनेलवाल्याने काम देऊ केलंय, पैसे बरे आहेत, पिंडीवर मध्यरात्री आपोआप उजेड उतरतो अशी छोटी क्लिप करून द्यायची, सीसीटीव्हीतून काढल्यासारखी दिसली पाहिजे, कोपऱ्यात तारीख-वेळ पण हवी, आणि श्रावणात ती सोडायची म्हंजे भरपूर फिरेल. मग विचारतोस की जे मी मानतच नाही त्याचं काम करणं म्हणजे ढोंग नाही का. आणि तिकडे वडील म्हणतायत की हे सगळं पुरे आता, घरी ये, रुद्र नीट म्हणायला लाग, विधीला माझ्या शेजारी बस.

मला वाटतं तू दोन प्रश्नांची एकच गाठ मारून ठेवलीयस आणि म्हणून एकही सुटत नाहीये. देव मानायचा का, हा एक. मी जे बनवतो ते बघणाऱ्याला फसवतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुला तिशीत मिळेल, साठीत मिळेल, किंवा मिळणारही नाही, आणि त्यावाचून माणसाचं काम अडत नाही. दुसऱ्याचं मात्र तुला या आठवड्यातच द्यावं लागणार, कारण तो माणूस परत फोन करणार आहे.

आता तुझ्याच गावच्या एका माणसाबद्दल सांगते. फाळके. हो, तेच, पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे, शाळेच्या ट्रिपला गेला असशील, कारंजं बघून आणि डबा खाऊन परत आला असशील. ज्यांच्या नावाने १९६९ पासून सिनेमातला सगळ्यात मोठा पुरस्कार देतात ते. पण पहिला भारतीय सिनेमा काढला एवढ्या एका वाक्यात आपण त्यांना गुंडाळून ठेवलंय आणि त्यामुळे हे लक्षात येत नाही की तू आज ज्या जागी उभा आहेस जवळपास तिथूनच त्यांनी सुरुवात केली होती.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबक. वडील दाजीशास्त्री, संस्कृतचे मोठे पंडित, पुढे मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवायला गेले म्हणून कुटुंब तिकडे गेलं. अशा घरातल्या मुलाने त्या काळी काय व्हायचं हे कोणी विचारायचं पण नाही, शास्त्रीबुवांचा मुलगा शास्त्रीबुवा. आणि हा मुलगा १८८५ मधे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे जाऊन बसला. नंतर बडोद्याचं कलाभवन, तिथे चित्रकला, फोटोग्राफी, शिल्प, जे मिळेल ते शिकत राहिला. मग गोध्र्यात फोटो स्टुडिओ. प्लेगात बायको आणि मूल गेलं. परत बडोद्याला येऊन स्टुडिओ टाकला तर तिथे लोकांची समजूत अशी की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, म्हणून गिऱ्हाईक येईना, असं सांगतात. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, स्वदेशीच्या चळवळीत तीही सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला, रविवर्म्याच्या प्रेससाठी देवादिकांची चित्रं दगडावर उतरवायचं काम केलं. आणि मधल्या काळात जादूचे प्रयोग! आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने स्टेजवर जादू करायचे.

हे मी भराभर सांगितलं पण तू जरा थांबून बघ. घरात वेद, हातात कॅमेरा, पोटासाठी देवांची छपाई आणि आवडीसाठी हातचलाखी. लक्ष्मीच्या साडीचा लाल रंग वेगळ्या दगडावर असतो आणि पिवळा वेगळ्या, हे ज्याने स्वतःच्या हाताने केलंय, आणि टोपीतून काय कसं निघतं हे ज्याला माहीत आहे, त्याची श्रद्धा कशी असेल सांग? तुझ्या हिशोबाने संपलीच पाहिजे. त्यांची संपली नाही. ती जाऊन दुसरीकडे बसली, कामात.

१९१०-११ च्या सुमाराला मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक परदेशी सिनेमा बघितला. नंतर 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच लिहिलंय की पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि मनात मला कृष्ण दिसत होता, राम दिसत होता, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. दुसऱ्या दिवसापासून ध्यास. दुसऱ्या बायकोला, सरस्वतीबाईंना, नेऊन दाखवला. सिनेमे बघून बघून आणि रात्र रात्र जागून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं माहितीये? शास्त्रीबुवांच्या मुलाला स्वतःचा कृष्ण सापडला तो ख्रिस्ताच्या सिनेमात, आणि त्याचं त्याला काहीही वाटलं नाही. ना राग, ना आपण कमी पडलो असं काही. त्यांच्याकडे हे जमलंय, मग आपल्याकडे का नाही, बस. आज कोणी असं मोकळेपणाने म्हटलं तर दोन्ही बाजूंनी त्याच्यावर लोक तुटून पडतील.

विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मधे लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन घेऊन आले. पैसे लावणारा कोणी मिळेना. तर काय केलं, कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले, महिनाभर. पडद्यावर ते रोप मिनिटभरात उगवून वाढताना दिसलं. आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो ते. म्हंजे सावकाराला दाखवायला त्यांनी देव नाही दाखवला, वाटाणा दाखवला. आधी हे यंत्र काय करू शकतं ते बघा, मग हरिश्चंद्र बघू. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आणि सरस्वतीबाई. त्यांच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार कारण माझं सगळं आयुष्य डार्करूममधे गेलंय, मेन रोडच्या स्टुडिओत फोटोवर नाव पुरुषांचं यायचं आणि हात फोटो धुवायच्या रसायनांनी पिवळे व्हायचे ते आमचे. तेव्हाची कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. अंधारात बसून, कडेने, अंतर न चुकता भोकं पाडायची, एक जरी चुकलं तरी पडद्यावर चित्र उडी मारणार. हे सरस्वतीबाई करायच्या, रात्री, दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून झाल्यावर. फिल्म डेव्हलप करायला शिकल्या, कॅमेऱ्यात भरायला शिकल्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड पाडायला उभ्या राहायच्या. दागिने आधीच गेलेले. तू विचारतोस की न मानता केलेलं काम ढोंग का. मला उलट विचारावंसं वाटतं, की अंधारात बसून एकेक भोक मोजून पाडणाऱ्या त्या बाईचा हात ज्या निष्ठेने चालत होता तिला तू काय म्हणशील? देवावरची श्रद्धा, नवऱ्यावरचं प्रेम, कामाची शिस्त, मला तरी त्यात रेघ मारून हे वेगळं ते वेगळं करता येत नाही. त्यांनाही करता आलं असतं असं वाटत नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमधे लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, कोठीवरच्या बायकांना पण विचारून झालं, त्यांनीही नाही म्हटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा पोरगा उभा केला, नाजूक हात बघून. (पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मधे मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, दोघी आल्या. मायलेकींनी केवढं ऐकून घेतलं असेल त्या काळात.) मग १९१७ ला 'लंका दहन', त्यात हाच साळुंके राम पण आणि सीता पण. तोवर फाळके नाशकात आले होते, इथले घाट, इथली देवळं, इथले डोंगर त्यांना शूटिंगला हवे होते. राम पडद्यावर आला की लोक हात जोडायचे, चपला काढून बसायचे असं सांगतात. खानावळीतल्या पोराला! आणि फाळक्यांना माहीत होतं ना तो कोण आहे ते. रामाच्या मुकुटाला आतून काय लावलंय, मारुती कशाच्या आधाराने उडतोय, सगळं माहीत. मग ही फसवणूक झाली का?

इथे मला 'कालिया मर्दन' आठवतो, १९१९ चा. त्याचा बराचसा भाग टिकलाय, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलाय आणि इंटरनेटवर पण सापडतो, आज रात्रीच बघ, मूक आहे, घाबरू नको, कंटाळा नाही येत. त्यात कृष्णाचं काम केलंय फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, सात वर्षांची असेल तेव्हा. आणि सिनेमा सुरू कसा होतो? कृष्णाने नाही. आधी मंदाकिनीचा चेहरा येतो, नुसता चेहरा. ती हसते, रुसते, चिडते, एकामागून एक भाव करून दाखवते, ही एक लहान मुलगी आहे आणि ती अभिनय करतेय हे प्रेक्षकाला नीट समजेपर्यंत. आणि मग तुमच्या डोळ्यादेखत तीच मुलगी विरघळत विरघळत कृष्ण होते.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा उठून बसले. अरे, जादूगार आपली जादू लपवतो, आणि हा जादूगार आधी सगळी पेटी उघडून दाखवतो, ही बघा माझी मुलगी, हा बघा तिचा अभिनय, आता हिला कृष्ण म्हणून बघा. आणि लोक बघतात! पाण्यात ती कालियाच्या अंगावर चढते तेव्हा हे सगळं माहीत असूनही छाती धडधडते. फाळक्यांनी तर सिनेमा कसा करतात हे दाखवणारी एक वेगळी छोटी फिल्म पण काढली होती, त्यात स्वतः दिग्दर्शन करताना, फिल्म तपासताना दिसतात. म्हंजे हे चुकून झालेलं नाही, त्यांची ती पद्धतच होती. बघणाऱ्याला कळ दाखवायची, त्याच्या अकलेचा मान ठेवायचा, आणि मग त्याने हात जोडले तर ते त्याचे स्वतःचे हात.

आता तुझ्या क्लिपकडे ये.

'लंका दहन' बघणाऱ्याने तिकीट काढलेलं असायचं. समोर पडदा, मागे मशीनची खडखड, शेजारी सतरा माणसं. आपण सिनेमा बघतोय हे त्याला ठाऊक असायचं. तुझी ती क्लिप फोनवर येणार, कोणाच्यातरी फॅमिली ग्रुपवरून, खाली तारीख आणि वेळ, वरती 'ताबडतोब पुढे पाठवा'. ती कुठूनच सांगत नाही की मला कोणीतरी बनवलंय. आणि ती बघून पहिले हात कोण जोडणार माहितीये, तुझी आजी. चष्मा लावून, फोन लांब धरून. नातवाने कॉम्प्युटरवर बसून ठेवलेल्या लाइटला ती नमस्कार करणार आणि तिला ते कधीच कळणार नाही. मग उद्या कोणीतरी ती क्लिप खोटी आहे म्हणून दाखवून देणार, आणि त्या माणसाला आपल्याच गावातले चार जण घरी जाऊन धमकावून येणार, तेही तुझ्या कामामुळे. म्हणून म्हणते, तू देव मानतोस की नाही याचा इथे काही संबंधच नाही. तुझे वडील मानतात, कडक मानतात, त्यांना विचार हे काम करू का, ते तुझ्याही आधी नाही म्हणतील. तिथे तुमचं दोघांचं एकमत आहे, आणि हे तुला अजून माहीतच नाहीये.

त्या माणसाला सांग की असली क्लिप मी करणार नाही, पण पुराणातली गोष्ट ॲनिमेशनमधे हवी असेल तर जीव ओतून करतो, खाली माझं नाव टाकायचं. बहुतेक तो नको म्हणेल. म्हणू दे. या सीझनला लग्नाच्या एडिटिंगची कामं असतात, कॉलेज रोडला माझ्या ओळखीतले दोघेजण माणूस शोधतायत, मी नंबर पाठवते. खोलीचं भाडं निघेल. सगळं उत्तम होईल असं मी म्हणत नाही, काही महिने कडकीचे जातील, ते धरून चाल.

राहिला पहिला प्रश्न.

धर्म सोडला असं तू लिहिलंस ना, त्यात धर्म किती आहे आणि वडील किती आहेत हे एकदा स्वतःशी बघ. आणि थकवा किती आहे ते पण. फाळक्यांच्या बाबतीत एक गोष्ट लोक फार बोलत नाहीत. १९१८ मधे मुंबईच्या भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, इथेच नाशकात, पैसा आला, नाव झालं, आणि भागीदारांशी इतकं वाजलं की सगळं टाकून कुटुंबाला घेऊन काशीला निघून गेले. सिनेमातून निवृत्त म्हणून जाहीर करून टाकलं. वरून बघणाऱ्याला वाटेल वैराग्य आलं, शेवटी रक्तातला शास्त्री जागा झाला. पण काशीत बसून त्यांनी लिहिलं काय, तर नाटक! 'रंगभूमी' नावाचं. आणि काही वर्षांत परत नाशकात, परत स्टुडिओत. म्हणजे ते देवाकडे गेले नव्हते, माणसांना कंटाळून गेले होते. तू तुझ्या बाजूने तेच उलटं करत असशील, वडिलांच्या रोजच्या बोलण्याचा कंटाळा आलाय आणि त्याला नाव देतोयस की मी धर्म सोडला. एवढा मोठा निर्णय चिडून घेऊ नकोस. सोडायचाच असेल तर पुढे शांतपणे सोड, मी तुला अडवणार नाही, वडिलांशी तुझ्या बाजूने बोलेन सुद्धा.

पण सोडण्याआधी तुझ्या घरात काय आहे ते तरी बघ रे. तुला रुद्राचे स्वर कानावर पडून पडून पाठ आहेत, कुठला वर जातो कुठला खाली येतो हे तुला न शिकता कळतं, साउंड डिझाइन शिकणारी पोरं यासाठी वर्षं घालवतील. पूजेची मांडणी, कुठल्या वस्तूनंतर कुठली, हात कसा फिरतो, हे तुझ्या डोळ्यात बसलंय. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ती बाडं. नामावळ्या. तुमच्याकडे भिंतीतल्या कपाटात लाल कापडात बांधून ठेवलेली असतात ती. कोण यजमान कुठल्या गावाहून कधी आला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, बरोबर कोण होतं, कशासाठी आला होता, खाली सही नाहीतर अंगठा. जुनी मोडीत, मग बाळबोधमधे, मग बॉलपेनने. माणूस पहिल्यांदा त्र्यंबकला येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि तुझे वडील त्याच्यासमोर त्याच्या पणजोबाची सही उघडून ठेवतात. मी हे घडताना बघितलंय, मोठमोठी माणसं त्या पानावर बोट ठेवून रडतात. त्यात काही चमत्कार नाही, आपोआप उजेड नाही, कोणीतरी नीट लिहून ठेवलं आणि कोणीतरी वाळवीपासून जपलं, एवढंच. आणि तू पिंडीवर खोटा उजेड पाडायला निघाला होतास!

त्यावर फिल्म कर. देव मानावा लागत नाही त्यासाठी, आणि मानणाराही अडत नाही. वडिलांना मी येणार, विधीला शेजारी बसणार, पण कॅमेरा घेऊन, असं विचारून बघ. रुद्र पण शिक की. शिकलास म्हणून भटजी व्हायलाच पाहिजे असं कुठे आहे. फाळक्यांच्या सिनेमात पुराण एवढं सहज उतरलं ते घरात ऐकलेलं होतं म्हणून, आणि मूक सिनेमा होता, लोकांना गोष्ट आधीच माहीत असल्याशिवाय चाललाच नसता. हरिश्चंद्र, राम, कृष्ण ही सगळ्यांना कळणारी बोली होती. ते नुसतं भक्तीने निवडलेलं नाही, धंद्याचं डोकं पण त्यात होतं, आणि स्वदेशीची ऊर्मी पण. एकाच माणसात हे सगळं सुखाने राहू शकतं.

पण फाळक्यांकडून तुला सगळं मिळणार नाही, हेही सांगते. ज्या नाशकात त्यांनी रामाचे सिनेमे काढले त्याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आले होते, भाऊराव गायकवाड वर्षानुवर्षं तो लढा चालवत राहिले, आणि तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला इथून दीड-दोन तासांवर, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली. तू जे दोन शब्द मेसेजमधे सहज टाइप केलेस ते त्यांनी किती वर्षं दाराबाहेर उभं राहून मग उच्चारले ते बघ. आणि आपल्याच जिल्ह्यातले वामनदादा कर्डक, सिन्नरजवळच्या देशवंडीचे, १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. मोठेपणी अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आणि मग आयुष्यभर गावोगाव फिरून भीम आणि बुद्ध गायले, हजारो गाणी, संसार मोडला, पदरी पैसा नाही, पण थांबले नाहीत. फाळक्यांना देव घरात मिळाला होता, तो त्यांनी पडद्यावर नेला. वामनदादांना देवळाच्या पायरीशीच थांबवणारा धर्म मिळाला होता, त्यांनी तो टाकला आणि दुसरा गळ्यात घेतला. तुला आणि मला पहिली गोष्ट समजायला सोपी जाते कारण आपण आतल्या बाजूला जन्मलो. म्हणून दुसरी मुद्दाम शिकायची. वामनदादांची रेकॉर्डिंग्ज आहेत, ऐक, आणि पांडवलेणीला जाशील तेव्हा फाळके स्मारकावरून परत फिरू नकोस, शेजारच्या बुद्ध स्मारकात जा, वर लेण्यात जा, दोन हजार वर्षांपूर्वी तिथे छिन्नी घेऊन बसलेल्या लोकांनी काय काम केलंय ते हात न लावता जवळून बघ.

आणि हाच प्रश्न बाडांना पण विचार. कोणाची नावं त्यात आहेत आणि कोणाची नाहीत? कुठल्या आळीतली माणसं कधीच त्या ओट्यावर आली नाहीत, किंवा येऊ दिली नाहीत? वडिलांना हे कॅमेऱ्यासमोर विचारायची हिंमत तुला होईल का, मला माहीत नाही, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर ते गप्प बसणं पण फिल्ममधे ठेव. पण विचारताना मुलगा म्हणून विचार, कोर्टात उभं केल्यासारखं नको. ते चांगला माणूस आहेत. मी त्यांना तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते, कोणा गरिबाने दक्षिणा कमी दिली म्हणून त्यांनी विधी कधी उरकून टाकलेला मी बघितला नाही.

फाळक्यांचा शेवट काही सिनेमासारखा झाला नाही. बोलपट आले आणि त्यांचं सगळं शिकलेलं मागे पडलं. १९३७ मधे कोल्हापुरात 'गंगावतरण' केला, त्यांचा शेवटचा, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला इथेच नाशकात गेले, हातात फारसं काही उरलेलं नव्हतं. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. तू या कामात राहणार असशील तर हे पण माहीत असू दे, की काम खरं केलं म्हणून म्हातारपण सुखाचं जाईलच असं नसतं. म्हणून पीएफ नसला तरी महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत जा, आणि कुठलाही कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस, भागीदारीचा तर मुळीच नाही.

आता कामाचं. वडिलांना फोन कर, पण सोमवारी नको, सोमवारी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि नागबळीच्या विधीचे दिवस पण टाळ. माझी मॅक्रो लेन्स कपाटात नुसती पडलीय, येऊन घेऊन जा, ट्रायपॉड पण. बाडांची पानं स्वतः उलटू नकोस, त्यांनाच उलटू दे, त्यांच्या हाताला सवय आहे आणि तो हातच तुला फ्रेममधे हवाय. फ्लॅश अजिबात वापरायचा नाही, वरून कडक लाइट पण नाही, खिडकीजवळ पाट मांडून सकाळच्या उजेडात शूट कर, कागदाचा पोत तिरक्या उजेडातच दिसतो. यजमानांची पूर्ण नावं त्या घरच्या माणसांना विचारल्याशिवाय वाचता येतील अशी दाखवायची नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरवून घे, नंतर एडिटला फार जड जातं. आणि आवाज वेगळा रेकॉर्ड कर, मोबाईलवर भागणार नाही, वडील नाव शोधताना पुटपुटतात ते सगळं यायला पाहिजे. पहिलं फुटेज झालं की तसंच घेऊन ये, कापाकापी न करता, आपण बसून बघू.

तुझी,
मावशी